बर्फाला जागा नेमून देणारी झाडं

उणे ३० अंश सेल्सिअसला उभ्या असलेल्या बर्चची डहाळी घ्या आणि गोठलेल्या अवस्थेतच तिचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. आत बर्फ दिसेल, आणि थोडाथोडका नाही. सालीतल्या दोन पेशींच्या मधल्या पोकळ्या बर्फाने भरलेल्या असतात, जलवाहिन्या भरलेल्या असतात, कळीच्या खवल्यांमध्ये त्याचे थर साचलेले असतात. तरीही झाड जिवंत असतं आणि वसंतात त्याच फांद्यांवर पानं फुटतात.

"झाडात नैसर्गिक अँटिफ्रीझ असतं, म्हणून ते गोठत नाही" हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचायला मिळतं की ते खरंच वाटू लागतं. साधा हिशेब करून पाहू. एक किलो पाण्यात एक मोल पदार्थ विरघळला की गोठणबिंदू १.८६ अंशांनी खाली येतो. जिवंत पेशीतल्या रसाचा गोठणबिंदू उन्हाळ्यात उणे १ ते उणे २ च्या आसपास असतो. हिवाळ्यासाठी पेशीने साखर दुप्पट केली तरी तो उणे ४ च्या फारसा खाली जात नाही. जलवाहिन्यांतला रस तर जवळजवळ पाणीच असतो. मेपलचा रस गोड म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्यात साखर असते दोन टक्क्यांच्या आसपास, आणि तिने गोठणबिंदू खाली येतो जेमतेम एक दशांश अंशाने. उणे ३० कुठे आणि हे कुठे! विरघळलेल्या साखरेच्या बळावर गोठणं टाळायचं म्हटलं तर पेशीत पाण्यापेक्षा साखरच जास्त भरावी लागेल.

म्हणजे झाड बर्फ टाळत नाही. तो कुठे धरायचा हे मात्र ते ठरवतं. पेशीच्या बाहेर बर्फ धरला तर चालतं, पेशीच्या आत धरला तर ती पेशी मेली. या एका नियमाभोवती बाकीची सगळी यंत्रणा उभी आहे.

हे सगळं हार्डवुड झाडांबद्दल आहे. हार्डवुड म्हणजे वनस्पतिशास्त्रातल्या अर्थाने रुंद पानांची, सपुष्प झाडं: ओक, मेपल, ॲश, एल्म, बीच, बर्च, पॉप्लर, विलो. लाकूड किती टणक आहे याच्याशी या नावाचा संबंध नाही. पॉप्लरचं लाकूड मऊच असतं, तरी ते हार्डवुड.

बर्फ बाहेर का धरतो

पाणी शून्य अंशाला गोठलंच पाहिजे असं नाही. बर्फाचा पहिला स्फटिक तयार व्हायला बीज लागतं: धुळीचा कण, खरबरीत पृष्ठभाग, किंवा स्यूडोमोनास सिरिंगी या जिवाणूच्या अंगावरचं एक प्रथिन. या जिवाणूमुळे उणे २ अंशांच्या आसपासही पाणी गोठायला सुरुवात होते. बीजच नसेल तर अगदी शुद्ध पाण्याचे बारीक थेंब उणे ३८ अंशांपर्यंत द्रव राहू शकतात. यालाच अतिशीतन म्हणतात.

झाडात पहिला बर्फ बहुधा जलवाहिनीत किंवा सालीतल्या पेशीबाह्य पोकळीत धरतो. तिथला रस सर्वांत पातळ, तिथे बीज सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त. एकदा धरला की तो वाहिन्यांमधून सरसर पसरतो. पेशीच्या भित्तिकेपर्यंत येतो, पण तिच्या आतलं पेशीपटल अखंड असेल तर ते ओलांडत नाही. बाहेर बर्फ आणि आत अजून द्रव पाणी, मध्ये काही नॅनोमीटर जाडीचं पटल. झाडाचा हिवाळा या सीमेवर काढला जातो.

आता आतल्या पाण्याचं काय होतं ते पाहू. बर्फाचा बाष्पदाब त्याच तापमानाच्या द्रव पाण्यापेक्षा कमी असतो, म्हणून पाणी आतून बाहेर बर्फाकडे ओढलं जातं. ही ओढ मोजता येते: शून्याच्या खालच्या दर अंशाला सुमारे १२ बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा दाब). उणे १० अंशांना ती होते १२० बार. तुलनेसाठी, जमिनीने पाणी १५ बारच्या ओढीने धरून ठेवलं की बहुतेक पिकं कायमची कोमेजतात. उणे १० च्या रात्री सालीतली पेशी त्याच्या आठपट ओढीला तोंड देत असते.

म्हणून पेशीच्या दृष्टीने गोठणं म्हणजे थंडीपेक्षाही दुष्काळ. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं. काटक झाडं जी प्रथिनं आणि ज्या शर्करा थंडीत साठवतात, त्यांतली बरीचशी दुष्काळात आणि वाळणाऱ्या बियांमध्येही सापडतात, आणि त्यात नवल वाटायचं कारण उरत नाही.

पेशीत किती पाणी उरतं याचाही ढोबळ हिशेब आहे. पेशीरसाचा मूळ गोठणबिंदू भागिले सध्याचं तापमान. रसाचा गोठणबिंदू उणे २ असेल तर उणे १० ला मूळ पाण्याच्या २० टक्के पाणी आत उरतं, उणे २० ला १० टक्के. साखर वाढवून गोठणबिंदू उणे ४ वर नेला तर तेच आकडे ४० आणि २० टक्के होतात. साखरेची पहिली खरी कामगिरी ही आहे. ती गोठणं थांबवत नाही, पण प्रत्येक तापमानाला पेशी दुप्पट पाणी राखून राहते. हे आदर्श द्रावणाचं गणित आहे. प्रत्यक्षात दाट रसात ते थोडं हलतं, पण दिशा हीच.

एक अट मात्र आहे, वेगाची. पाण्याला पटलातून बाहेर पडायला वेळ लागतो. निसर्गात हवा साधारण तासाला एक-दोन अंशांनी थंड होते, तेवढा वेळ पुरतो. तापमान मिनिटाला कित्येक अंशांनी कोसळलं तर पाणी आतच अडकतं, अतिशीत होतं, आणि मग पेशीतच बर्फ धरतो. त्यातून वाचणं नाही. तीच डहाळी उणे ३० पर्यंत हळू नेली तर जगते आणि उणे १५ ला झटक्यात नेली तर मरते, याचं कारण हेच.

पेशी मरते ती नेमकी कशाने

लोकांना वाटतं, गोठताना पाणी नऊ टक्क्यांनी फुगतं आणि पेशी फुटते. पेशीबाहेर बर्फ धरतो तेव्हा मात्र पेशी फुटत नाही, उलट आकसते. आणि तिच्या मरणाची कारणं त्या आकसण्यात आणि नंतरच्या फुगण्यात आहेत.

कॉर्नेल विद्यापीठात पीटर स्टेपोंकस यांनी राय या धान्याच्या उघड्या, भित्तिका काढलेल्या पेशींवर हे बारकाईने पाहिलं. न सरावलेली पेशी आकसते तेव्हा तिच्या पटलाचे छोटे फुगे सुटून आत जातात. पटलाचं क्षेत्रफळ कायमचं घटतं. वितळताना पाणी परत आत येतं, पेशी फुगू पाहते, आणि तोकडं पडलेलं पटल मूळ आकार गाठण्याआधीच फाटतं. म्हणजे इजेची तयारी गोठताना होते आणि मृत्यू वितळताना. थंडीला सरावलेली पेशी आकसताना पटलाचे फुगवटे बाहेरच्या बाजूला काढते, पण ते तुटत नाहीत. वितळताना तेच परत सामावले जातात. मला या सगळ्या विषयात ही बाब सर्वांत सुंदर वाटते: पटलाचं क्षेत्रफळ वाया जाऊ न देणं, एवढाच फरक, आणि त्यावर जगणं-मरणं ठरतं.

आणखी खालच्या तापमानाला दुसरा धोका येतो. पाणी इतकं कमी होतं की पेशीपटल आणि आतल्या अंगकांची पटलं एकमेकांना जवळजवळ चिकटतात. मेदरेणूंच्या दुपदरी रचनेला टिकायला मध्ये पाण्याचा थर लागतो. तो गेला की मेदरेणू नळकांड्यांच्या षटकोनी रचनेत वळतात, आणि पटल पटल राहत नाही. पाणी परत आलं तरी ती पेशी गळकीच राहते. याशिवाय प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळा होतात, क्षार घातक पातळीला दाट होतात, आणि वितळताना ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होऊन पटलांवर तुटून पडतात.

तयारी

तयारी थंडी पडल्यावर सुरू होत नाही. तेव्हा सुरू केली तर उशीर झालेला असतो. पहिला इशारा दिवस लहान होण्याचा, नेमकं सांगायचं तर रात्र लांबण्याचा. पानातलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य रात्रीची लांबी मोजतं. पॉप्लरच्या ॲस्पेन जातीत २००६ मध्ये दाखवलं गेलं की फुलं केव्हा यावीत हे ठरवणारी जनुकांची जोडी, सीओ आणि एफटी, शरद ऋतूत वाढ केव्हा थांबावी हेही ठरवते. रात्र लांबली की एफटी मंदावतं, शेंडा वाढायचा थांबतो, टोकाला कळी बांधली जाते.

वाढ थांबल्याशिवाय काटकपणा येत नाही. वाढणाऱ्या पेशीच्या भित्तिका पातळ, रिक्तिका (पेशीतली पाण्याची पिशवी) मोठी, साखर खर्ची पडलेली. तिला वाचवायला काही शिल्लकच नसतं. नुसत्या लांब रात्रींनी झाडाला काही अंशांचं संरक्षण मिळतं. शून्याच्या वरची थंडी पुढचा टप्पा देते, आणि प्रत्यक्ष गोठवणारं तापमान त्याच्या पुढचा. मिनेसोटात काम केलेल्या सी. जे. वायझर यांनी १९७० मध्ये 'सायन्स' मासिकात ही टप्प्यांची मांडणी केली आणि ती आजही कामाला येते. टप्पे गाळता येत नाहीत. सप्टेंबरात उणे २० ला मेलेल्या झाडाने जानेवारीत उणे ३५ सहज काढले असते.

थंडीचा इशारा पेशीत सीबीएफ नावाच्या नियामक प्रथिनांमार्फत पोहोचतो. अरबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपात थंडी लागल्यापासून १५ मिनिटांत ही जनुकं जागी होतात, आणि हेच कुटुंब पॉप्लर, बर्चमध्येही आहे. त्यांच्या हाताखाली मोठी फौज कामाला लागते.

त्यातलं पहिलं काम साठवणीतल्या स्टार्चचं. सालीतल्या आणि लाकडाच्या किरणांमधल्या (खोडात आतून सालीकडे जाणाऱ्या जिवंत पेशींच्या पट्ट्यांमधल्या) पेशींत उन्हाळाभर साठवलेला स्टार्च शरदाच्या शेवटी फोडला जातो. त्याची सुक्रोज, आणि पुढे रॅफिनोज व स्टॅकिओज होते. या शर्करांचं पाणी राखण्याचं काम वर आलंच. त्यांचं आणखी एक काम जास्त नाजूक आहे: पाणी निघून गेल्यावर मेदरेणूंच्या टोकांशी पाण्याच्या जागी बसणं, म्हणजे पटलं एकमेकांत विरघळत नाहीत. रॅफिनोजसारख्या शर्करांचा आणखी एक गुण आहे, तो काचेच्या भागात येईल.

दुसरं काम पटलांचं. मेदाम्लांमध्ये दुहेरी बंध वाढतात, म्हणून थंडीत पटल थिजत नाही. पण नुसता प्रवाहीपणा पुरत नाही, पटल वाढवावंही लागतं. कॅनडात डेव्हिड सिमिनोविच यांनी ब्लॅक लोकस्टच्या सालीतल्या पेशींमध्ये दाखवलं की शरदात फॉस्फोलिपिडं, प्रथिनं, आरएनए, सगळंच वाढतं. पेशीद्रव्य अक्षरशः भरतं. उन्हाळ्यात पेशीचा बहुतेक भाग व्यापणारी एक मोठी रिक्तिका फुटून अनेक लहान रिक्तिका होतात. पाण्याने भरलेल्या एका मोठ्या पिशवीच्या जागी दाट पेशीद्रव्यात विखुरलेल्या छोट्या पिशव्या आल्या, की आकसताना यांत्रिक ताण कमी येतो. ब्लॅक लोकस्टच्या त्या सरावलेल्या पेशी द्रव नायट्रोजनचं तापमानही सोसतात.

तिसरी फौज डीहायड्रिन प्रथिनांची. यांना ठरावीक घडी नसते. बहुतेक प्रथिनं उकळली की साकळून खाली बसतात, डीहायड्रिनं उकळत्या पाण्यातही विरघळलेलीच राहतात, कारण मोडायला घडीच नसते. शुद्धीकरणाला हा गुण फार सोयीचा: अर्क उकळवा, फिरवून गाळ बाजूला करा, वर उरलेल्या द्रवात डीहायड्रिनांचं प्रमाण चांगलं मिळतं. पेशीत ती विकरांच्या (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांच्या) आणि पटलांच्या पृष्ठभागाशी राहून थोडं पाणी धरून ठेवतात. बर्चच्या डीहायड्रिनांबाबत दिसलं आहे की पाणी खूप कमी झालं असतानाही त्यांच्या सोबतीने स्टार्च फोडणारं विकर काम करत राहतं.

सुप्तावस्था आणि काटकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत माळीकामातल्या पुष्कळ चुकांच्या मुळाशी असते. सुप्तावस्थेत शेंड्यातल्या पेशींना जोडणारे सूक्ष्म मार्ग कॅलोज नावाच्या पदार्थाने बंद होतात. बर्चमध्ये हे स्पष्ट पाहिलं गेलं आहे. पुरेशी थंडी मिळेपर्यंत ते उघडत नाहीत, तोवर कितीही ऊब दिली तरी कळी फुटत नाही. काटकपणा मात्र तापमानाबरोबर वर-खाली होत राहतो. सुप्तावस्था संपलेलं झाड फेब्रुवारीत बाहेरून तसंच शांत दिसतं, पण चार उबदार दिवस आले की ते काटकपणा सोडायला लागतं.

लाकडाची वेगळी वाट

आतापर्यंतचं वर्णन सालीचं, कॅम्बियमचं (सालीखालच्या वाढीच्या थराचं) आणि बऱ्याच कळ्यांचं आहे. लाकडाच्या किरणांमधल्या जिवंत पेशींचं तसं नाही. त्यांच्या भित्तिका जाड आणि लिग्निनने ताठ झालेल्या असतात, भोवती बर्फाला मोकळी जागा नसते. सालीतली पेशी मऊ भित्तिकेसकट चुरगळू शकते, ही चुरगळू शकत नाही. म्हणून ओक, मेपल, ॲश, एल्म, बीच, हिकरी अशा अनेक झाडांत या पेशी पाणी सोडतच नाहीत. त्या अतिशीत होतात: शेजारच्या वाहिनीत बर्फ, आणि इकडे आत उणे ३५ अंशांना द्रव पाणी.

हे उपकरणावर लख्ख दिसतं. डहाळीच्या तुकड्याला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावा, शेजारी वाळवलेला तुकडा तुलनेला ठेवा आणि दोन्ही एकाच वेगाने थंड करा. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं, म्हणून आलेखावर उंचवटा येतो. पहिला मोठा उंचवटा शून्याखाली काही अंशांवर, वाहिन्या आणि सालीतलं पाणी गोठताना. मग बराच वेळ काही नाही. आणि उणे ४० च्या आसपास दुसरा, लहानसा. तो किरणपेशींचा मृत्यू. त्याच तापमानाला त्या मेलेल्या सापडतात.

हे टिकतं कसं? दोन गोष्टी लागतात. बाहेरचा बर्फ भित्तिकेतून आत घुसता कामा नये, म्हणून भित्तिकेतली आणि खाचांच्या पडद्यातली छिद्रं इतकी बारीक हवीत की बर्फाचा स्फटिक त्यातून वाढू शकणार नाही. आणि आत बीज असता कामा नये. जपानमधल्या होक्काइडो विद्यापीठातल्या गटाने २००८ मध्ये कात्सुरा झाडाच्या लाकडातून चार फ्लेव्होनॉल ग्लायकोसाइड वेगळी काढली, ज्यांच्यामुळे पाणी जास्त खोलवर अतिशीत होतं. म्हणजे आत बर्फ धरू न देणारे रेणू झाड स्वतः बनवतं.

पण बीज नसलं तरी पाण्याला मर्यादा आहेच. उणे ३८ च्या खाली पाण्याचे रेणू आपण होऊन स्फटिक बांधतात. विरघळलेल्या पदार्थांमुळे ही सीमा आणखी थोडी खाली जाते. त्याच्यापुढे अतिशीतन चालत नाही. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की अतिशीतनावर अवलंबून असलेल्या अनेक जातींच्या पसरण्याची उत्तर सीमा आणि उणे ४० अंशांची किमान तापमानाची रेषा जवळपास जुळतात. पाण्याच्या एका भौतिक गुणधर्माने जंगलाची हद्द आखली आहे. त्या हद्दीपलीकडे कोण जातं? कागदी बर्च, ॲस्पेन, बाल्सम पॉप्लर, विलो. त्यांची किरणपेशी लाकडातही पाणी बाहेर सोडते, म्हणून तिला उणे ४० ची भिंत नाही.

एकाच खोडात दोन पद्धती असण्याचा एक विचित्र परिणाम होतो, त्याला ब्लॅक हार्ट म्हणतात. उणे ४० च्या रात्री किरणपेशी मरतात, साल आणि कॅम्बियम मात्र बाहेर पाणी सोडून वाचतात. वसंतात झाड पानं काढतं, सगळं ठीक वाटतं. आतलं लाकूड तपकिरी-काळं पडलेलं असतं, वाहिन्या गडद द्रव्याने बुजलेल्या असतात आणि साठा संपलेला असतो. नवं लाकूड त्याभोवती बनत राहतं, पण झाड दुबळं राहतं आणि लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला वाट मिळते.

काच

उणे ४० ची भिंत नसलेली झाडं किती खाली जाऊ शकतात? जपानी संशोधक अकिरा साकाई यांनी १९६० मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की हिवाळ्यात पूर्ण काटक झालेल्या डहाळ्या आधी हळूहळू उणे ३० पर्यंत नेल्या, तर नंतर थेट द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना बुडवूनही जगतात. कारण पुढे १९८५ मध्ये हर्श, विल्यम्स आणि मेरीमन यांच्या पॉप्लरवरच्या कामातून उलगडलं. पाणी जात जात पेशीद्रव्य इतकं दाट होतं की उणे २८ अंशांच्या आसपास त्याची काच होते. रॅफिनोज, स्टॅकिओज आणि प्रथिनांचं दाट द्रावण, ज्यात रेणू जागच्या जागी अडकलेले. काचेत स्फटिक वाढू शकत नाही, आणखी पाणी बाहेर जाऊ शकत नाही, घातक रासायनिक क्रिया चालू शकत नाहीत. एकदा काच झाली की उणे ३० आणि उणे १९६ यांत पेशीला फारसा फरक राहत नाही.

जलवाहिन्यांबद्दल थोडक्यात, कारण त्या मेलेल्याच असतात. तिथे प्रश्न जगण्याचा नाही, चालू राहण्याचा आहे. हवा बर्फात विरघळत नाही, म्हणून गोठताना तिचे बुडबुडे होतात. वितळताना रसावर ताण असेल तर मोठे बुडबुडे पसरून वाहिनी बंद पाडतात. साधारण ३० ते ४० मायक्रोमीटरपेक्षा रुंद वाहिन्यांना हा धोका जास्त. ओक आणि ॲशच्या वसंतातल्या वाहिन्या २०० मायक्रोमीटरहून रुंद, त्या एका गोठण्यात बंद पडतात, म्हणून ही झाडं पानांच्या आधी नव्या वाहिन्या बनवतात आणि उशिरा पालवतात. बर्च मुळांच्या दाबाने जुन्याच वाहिन्या परत भरून घेतो.

काटकपणा मोजायचा कसा

झाड थंडी सोसेल का हे पाहायला प्रयोगशाळेत विद्युतवाहकता मोजतात. कृती सोपी, पण चुका ठरलेल्या.

एक वर्षाच्या डहाळ्या ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा, कळ्या वगळून ५ ते १० मिलिमीटरचे तुकडे करा. परीक्षानळीत थोडं पाणी घालून तुकडे ठेवा. उणे २ अंशांना नळी स्थिर करा आणि बर्फाचा चुरा टाका. ही पायरी गाळली की सगळं फुकट: तुकडे उणे ६-७ पर्यंत अतिशीत होतात, मग एकदम गोठतात, आत बर्फ धरतो, आणि काटक डहाळी नाजूक ठरते. त्यानंतर तासाला २ ते ५ अंशांनी खाली न्या. प्रत्येक ५ अंशांवर पाच तुकडे बाहेर काढून ४ अंशांना रात्रभर हळू वितळू द्या. एक संच न गोठवता ४ अंशांनाच ठेवलेला हवा.

मग प्रत्येक नळीत १० ते २० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी, २० ते २४ तास हलवत ठेवणं, आणि वाहकता मोजणं. फाटक्या पटलातून गळलेले क्षार ती सांगते. नंतर नळ्या १२१ अंशांना २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करून सगळ्या पेशी मारा, थंड झाल्यावर पुन्हा मोजा. पहिला आकडा भागिले दुसरा म्हणजे सापेक्ष गळती. न गोठवलेल्या संचाची गळती त्यातून वजा करून उरलेल्याला, एकातून तीच गळती वजा करून येणाऱ्या आकड्याने भागा: हा इजेचा निर्देशांक. तो निम्म्यावर जातो ते तापमान म्हणजे एलटी ५०. कापलेल्या टोकांतूनही क्षार गळतात, म्हणून तुकड्यांची लांबी सारखी ठेवा.

उपकरणं नसतील तर वितळलेल्या डहाळ्या दमट पिशवीत खोलीच्या तापमानाला ७ ते १० दिवस ठेवून धारदार पात्याने कापा. जिवंत कॅम्बियम हिरवट-पांढरं, मेलेलं तपकिरी. आठवडा थांबणं महत्त्वाचं आहे. दुसऱ्याच दिवशी कापलं तर मेलेलंही हिरवं दिसतं.

झाडं लावणाऱ्यांसाठी

उन्हाळ्याच्या शेवटी नत्र देऊ नका, शरदाच्या तोंडावर जोरदार छाटणी करू नका. दोन्हींमुळे नवी फूट येते, आणि वाढणारी पेशी काटक होत नाही. रात्रभर जळणाऱ्या दिव्याशेजारच्या फांद्यांची पानं उशिरापर्यंत टिकलेली दिसली तर तीही त्याच गटात. बियाणं कुठलं आहे हे जातीच्या नावाइतकंच महत्त्वाचं: उत्तर गोलार्धात दक्षिणेकडचं बियाणं उत्तरेला नेलं तर ते आपल्या मूळ गावच्या रात्रीच्या लांबीची वाट पाहत वाढत राहतं आणि पहिल्याच कडाक्यात शेंडे गमावतं.

हिवाळ्यात पातळ सालीच्या तरुण खोडांना नैर्ऋत्य बाजूने चट्टे पडतात. दुपारच्या उन्हात ती बाजू शून्याच्या वर येते, पेशी पाणी परत घेतात, आणि सूर्य मावळताच तापमान झपाट्याने कोसळतं. वर सांगितलेली वेगाची अट इथे मोडते. पांढरा रंग किंवा पांढरं वेष्टन ऊन परतवतं. वेष्टन वसंतात काढायला विसरू नका, खाली ओल आणि किडी साठतात.

सर्वांत मोठं नुकसान कडाक्याच्या थंडीत होतं असं नाही. काटकपणा मिळवायला आठवडे लागतात, सोडायला काही दिवस पुरतात. अमेरिकेच्या पूर्व भागात २००७ च्या मार्चमध्ये असाधारण ऊब होती, ओकपासून ट्यूलिप पॉप्लरपर्यंत झाडं लवकर पालवली, आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आलेल्या गोठणीने ती पालवी मोठ्या प्रदेशात जळली. उलगडणारं कोवळं पान उणे २ ते उणे ४ लाच जातं. त्याच झाडाने जानेवारीत उणे ३० काढलेले असतात.

मुळांचा विसर सर्रास पडतो. ती मातीच्या आणि हिमाच्या पांघरुणाखाली असतात, खरी सुप्तावस्था त्यांना नसते, आणि खोडाइतकी काटक ती कधीच होत नाहीत. बऱ्याच जातींची कोवळी मुळं उणे ५ ते उणे १० मध्येच मरतात. जमिनीत हे चालून जातं. कुंडीत मात्र माती चारही बाजूंनी हवेच्या तापमानाला येते, म्हणून उणे ४० ला टिकणाऱ्या मेपलचं रोप कुंडीत उणे १५ लाच जातं. कुंड्या जमिनीत पुरा किंवा एकमेकींना खेटून भोवती जाड आच्छादन करा. जमिनीतल्या झाडांना ५ ते १० सेंटिमीटर आच्छादन पुरतं, खोडापासून थोडं दूर. आणि जमीन गोठण्याआधी माती कोरडी राहू देऊ नका, ओली माती उष्णता जास्त धरते.

कडाका ओसरल्यावर साल नखाने खरवडून हिरवी दिसली म्हणून झाड सुखरूप आहे असं ठरवू नका. ब्लॅक हार्ट झालेल्या झाडाची सालही हिरवीच असते. दोन-तीन वर्षांची एक बाजूची फांदी आडवी कापून मधलं लाकूड पाहा. छाटणी मात्र पानं पूर्ण उघडेपर्यंत लांबवा. कुठून फूट येते आणि कुठून नाही हे त्याआधी कळत नाही.